नवा गुडघा आणि शाफ्टची गाडी

दरवर्षी दिवाळीनंतर मी आणि नांदुऱ्याचा माझा शाळेपासूनचा मित्र मोटरसायकलींवर लांबच्या दौऱ्याला जातो. त्याचा धान्याचा व्यापार. दौऱ्याच्या याद्या माझ्याकडे. मुक्कामाला पोचलं की आधी चेन, मग चहा. आपापल्या चाकापाशी उकिडवं बसायचं, चिंधीने चेनवरची धूळ पुसायची, तेल द्यायचं. पंधरा वर्षं यात खंड नाही.

यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, उकिडवं बसायला नाही. आपली गाडी दुसऱ्याने पुसलेली त्याला खपत नाही. त्यामुळे त्याने दौऱ्याचा विषयच काढणं सोडलं.

मी वही घेऊन चेन आणि शाफ्ट अशी तुलनेची यादी केली. शाफ्टच्या गाडीत ताकद मागच्या चाकाकडे बंद नळीतल्या दांड्यातून जाते. पुसणं नाही, चेनचा ताण बघणं नाही. उलट बाजू अशी, की चेन कुठल्याही खेड्यात दुरुस्त होते. शाफ्टला हात लावणारा आमच्या माहितीत कुणी नाही. तरी मी कौल शाफ्टला दिला आणि ओळखीतल्या एकाची तशी गाडी दिवसभरासाठी मागून आणली.

धाड गावापर्यंत ती चालवताना तो खुशीत होता. "पान्यावानी वाहून राह्यली बे."

तिथे बाजाराचा दिवस होता. चहासाठी त्याने गाडी कडेला घेतली आणि पाय टेकला तो मऊ काळ्या मातीत. गाडी ऑपरेशनच्या बाजूला कलली. तिचं वजन मी यादीत धरलंच नव्हतं. त्याने शहाणपणाने ती हळूच आडवी होऊ दिली. पुढच्या लोखंडी गार्डमुळे गाडीला ओरखडा आला नाही, पण उचलायला बाजारातली चार माणसं लागली.

"काऊन भाऊ, चेन नाई का याले?" एकाने विचारलं.

"नाई. म्हनूनच आनली व्हती." मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "यंदा तू एकटाच जाय."

"तुह्या घरची जुनी हलकी गाडी घे. दोन्ही चेना मी पुसतो."

"तुले जमते का?"

"खुर्ची टाकून बस अन् शिकव."

त्याने हँडलवरची माती पुसली. मग म्हणाला, "खुर्ची पाठीची पाह्यजे."

दौऱ्याच्या पहिल्याच मुक्कामी तो खुर्चीत बसला, मी त्याच्या गाडीच्या चेनवर भरभरून तेल ओतलं.

"अबे, भजे तळतं का? इतक्या तेलाले सारी धूळ चिकटते. थेंब थेंब दे, आतल्या बाजूनं." मी पुन्हा पुसायला घेतलं, तेव्हा तो पुढे वाकला. "पंधरा वर्सं असंच करून राह्यला व्हता? मंग तुही चेन टिकली कशी?"