वाचायचा राहिलेला गट

वणीतल्या आमच्या घरातल्या तीन पिढ्या सरकारी नोकरीत गेल्या. मीही तलाठी झालो. परीक्षेसाठी धर्मस्वातंत्र्याची कलमं अशी घोकली होती, की आजही झोपेतून उठवून विचारा, सांगेन. पण त्या स्वातंत्र्याशी माझा खरा संबंध आला तो मुकुटबनच्या पुढच्या एका गावात, आणि तिथेच मी शेण खाल्लं.

हाताने लिहिलेले सातबारे तेव्हा ऑनलाइन होत होते. नवा उतारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याची नोंद चुकली असेल त्याने तिथेच सांगायचं, असा नियम होता. त्याला चावडी वाचन म्हणत. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. शेतकऱ्यांच्या जमिनींचे गट वाचता वाचता माझा घसा बसला, म्हणून सरकारी गट मी सोडून दिले. दप्तर बांधत होतो, तेवढ्यात मागून एकजण उठला. मुकुटबनच्या रस्त्यावर त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि माझी गाडी कायम त्याच्याकडेच असे.

"साहेब, आमच्या कबरस्तानाचा गट नाही वाचला."

"अगा भाई, सरकारी जागा हाय ते. कोन खाऊन राह्यलं तिले?"

लोक हसले. तोही हसला आणि खाली बसला.

जुन्या सातबाऱ्यावर त्या गटाच्या 'इतर हक्क' या रकान्यात 'मुसलमानांचे कब्रस्तान' अशी निळ्या शाईतली ओळ होती. नव्या उताऱ्यात ती आलीच नव्हती. वाचलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. उतारा बरोबर आहे म्हणून मी सही ठोकली.

काही वर्षांनी सरकारी जमिनींवरची अतिक्रमणं काढायचा आदेश आला. यादी संगणकातून निघाली आणि तो गट त्या यादीत होता. चौकशी होईपर्यंत तिथे दफन बंद. त्या मेकॅनिकची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. कडुलिंबाखाली नवऱ्याच्या कबरीशेजारी आपल्याला ठेवावं, एवढंच तिचं मागणं. तो अर्ज घेऊन दोनदा माझ्याकडे आला.

"साहेब, अब्बाच्या मिट्टीले तुम्ही आलते. तिथंच आलते ना?"

आलो होतो. माझ्या या हातांनी तीन मुठी माती दिली होती. तरी मी त्याला चौकशी चालू आहे म्हणून परत पाठवलं. जुना कागद वर काढला, तर नव्यावरची माझी सही उघडी पडणार होती. भित्रा होतो, दुसरं काय!

पंधरा दिवसांत म्हातारी गेली. मुलाने तिला टेम्पोत घालून वणीच्या कब्रस्तानात नेलं. तो टेम्पो माझ्या कार्यालयासमोरून गेला. मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्याच आठवड्यात जुना सातबारा काखेत मारून मी पंचनाम्याला गेलो. त्याच कडुलिंबाखाली बसून लिहिलं की जुनी नोंद आहे, कबरी आहेत, यातल्या एका दफनाला मी स्वतः हजर होतो, आणि चावडी वाचनात हा गट मी वाचला नाही. मग सह्यांसाठी कागद पंचांपुढे सरकवला. सगळं बरोबर लिहिलंय, असं म्हणालो.

अर्जदार म्हणून तो तिथे उभा होता. "वाचा साहेब," तो म्हणाला. "या खेपी सगळं वाचा."

मी वाचलं. शेवटचं वाक्य पुटपुटलो, म्हणून ते पुन्हा मोठ्याने वाचावं लागलं. या वेळी कोणी हसलं नाही.

मला कारणे दाखवा नोटीस आली. तिचं मला काही वाटलं नाही. नोंद दुरुस्त व्हायला मात्र पुढे बरेच महिने गेले. नवा उतारा मी स्वतः त्याच्या दुकानात नेऊन दिला. हात फडक्याला पुसून त्याने तो ओळ न् ओळ वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"अब्बाच्या बाजूची जागा तशीच खाली हाय, साहेब," तो म्हणाला. "आता मलेच जा लागन तिथं."