साडूंमधला वॉशर

बापू आणि विलास हे साडू मिळून गॅरेज चालवतात. त्यांचं बोलणं बंद असताना माझ्या गाडीचं इंजिन खोललं गेलं.

बापूंनी क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य दांडा, मागेपुढे ढकलून पाहिला. टक, टक.

"साहेब, त्यांना सांगा, प्ले जास्त आहे, शाफ्ट ढिला हलतोय. जाड वॉशर टाकू."

विलास हाताच्या अंतरावर होता. "त्यांना सांगा, इतके जाड टाकले तर क्रँक जाम होईल. इंजिन भंगारात आणि साहेब पायी."

मी निरोप पोचवले. शाफ्टला केसभर जागा लागतेच. जास्त झाली तर तो आपटतो, नसलीच तर जळतो. ती जागा राखणारा वॉशर दोन तुकड्यांमध्ये बसून झिजत राहतो. बहुतेक घरांत हे काम आई करते.

बापूंनी जाड वॉशरच बसवले. क्रँक हलेना. विलासने ते काढले, पॉलिश पेपरवर थोडे घासून पुन्हा बसवले. शाफ्ट लोण्यासारखा फिरला.

बापू थेट त्याच्याकडे वळले. "मग आधी बोलायला काय झालं होतं, गाढवा?"

"बोललो की! यांना सांगितलं होतं."

दोघंही माझ्याकडे रागाने पाहू लागले.