पेट्रोलचा नट, अर्धा आटा ढिला

मी एकदा माझ्या नवऱ्याच्या जीपच्या पेट्रोलच्या नळीचा नट मुद्दाम ढिला ठेवला होता.

त्यांना ते कळलं होतं. बाकी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मॅट्रिक झाले आणि आरमोरीहून लग्न होऊन अहेरीला आले. हे लाकडाच्या ठेकेदाराची जुनी जीप चालवायचे. खेप एटापल्लीकडे. गेले की आठ-आठ दिवस येणं नाही.

घरात मी, देव्हारा आणि हिशेबाची वही.

त्या दिवशी जीपची पेट्रोलची नळी बदलायला नागपूरहून पार्सल आलं. वरून तारेची जाळी विणलेला रबरी होस दीड हात, पितळी फिटिंग दोन, क्लिपा चार. एकूण अकरा रुपये.

होस कापताना जाळीच्या तारा ह्यांच्या अंगठ्यात घुसल्या. फिटिंग ह्यांनी कसंबसं बसवलं, पण नटाचे शेवटचे आटे आवळायला पाना माझ्या हातात दिला.

जोडणी झाली की नटाभोवती चुलीची कोरडी राख लावायची आणि इंजिन सुरू करायचं, ही ह्यांची टेस्ट. राख ओली झाली म्हणजे पेट्रोल गळतंय.

मला वाटलं, राख ओली होईल, पुन्हा खोलतील, दुपार होईल. खेप उद्यावर जाईल.

एक दिवस तरी घरी राहतील.

अर्धा आटा सोडला. राखेची वाटी पुढे केली.

"राहू दे. तू आवळलं ना? मंग काय पाह्याचं!"

आणि जीपमध्ये बसले.

तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा थेंब पडला तर काय होतं, ते मला ह्यांनीच सांगितलं होतं.

पदर खोचला, धावले, जीपसमोर उभी राहिले.

आत ह्यांच्या शेजारी ठेकेदाराचे मुनीमजी बसलेले. "काऊन बाई, लोणचं द्याचं राह्यलं का?"

"अहो, उतरा. राख लावा आधी."

लावली. ओली झाली.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुनीमजींना म्हणाले, "माह्याच हातून राह्यला ढिला."

नट आवळला आणि गेले.

नऊ दिवस देवापुढे बसून काढले. काय मागायचं तेही सुचत नव्हतं.

हे आले. हातपाय धुतले. मी भात वाढला.

"काऊन केलं वो तसं?"

"मले इथी एकटीले करमत नाई."

ह्यांनी भात कालवला.

"पुढच्या खेपेले येतं का संगं? मुनीम बसन मांगं."

गेले मी. नंतरही पुष्कळदा गेले.

मागच्या वर्षी मात्र हे मला न विचारताच निघाले.

मार्कंडादेवा, त्यांना तुझ्या पायाशी जागा दे.

त्या जीपमध्ये कुणाचे वडील, काका कधी बसले असतील, ह्यांच्याबद्दल काही बोलले असतील, तर मला कळवा. फोनवर ऐकू येत नाही. उलट टपाली दोन ओळी पाठवा. पत्ता तोच, अहेरीचा आहे.