नानांच्या टाचा

अख्ख्या खानदेशात माझ्या बहिणीच्या सासऱ्यांइतका भित्रा माणूस सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे उभा जन्म त्यांनी दोंडाईच्याच्या आसपास विहिरींत सुरुंग लावले. सगळे त्यांना नाना म्हणतात. वयाबरोबर सुरुंग सुटले, पण जमीन हलण्याची धास्ती सुटली नाही. ओसरीवर पाण्याने भरलेली परात कायम मांडलेली. पाणी थरथरलं की नाना अंगणात. एकदा मी परातीजवळ शिंकलो, तर भरल्या ताटावरून उठून पळाले. कुठे विहिरीत बार उडाला की अनवाणी टाचा जमिनीला टेकवून ते अंतर ओळखत आणि आत खाटेवर पडून असलेल्या बायकोला, अक्कांना, ओरडून सांगत. कंबर मोडल्यापासून अक्कांना उठता येत नव्हतं. नाना मला म्हणत, "जवळना बार टाचमा टोचस. दूरना नुसता घुमस. खडक, मुरूम, माती, बठ्ठा त्याले वाटमा थोडं थोडं खाई टाकतस." धक्का वाटेतच जिरत जातो, हे भूगोलाच्या मास्तरांनी मला कधी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

दुसरी खोड बार मोजायची. चार भोकांत दारू ठासली आणि तीनच आवाज आले, तर एक अजून उडायचा बाकी, विहिरीत कोणी उतरायचं नाही. हा नेम त्यांनी भूकंपालाही लावून ठेवला होता: धक्के संपल्याची खात्री झाल्याशिवाय घरात शिरायचं नाही. "जमीनमा कितला भोकं शेतस, कोण मोजाले जायेल शे?"

गेल्या हिवाळ्यात, भर दुपारी, जमीन खरंच हलली. भांडी खणखणली. नाना सगळ्यांच्या आधी अंगणात, मागोमाग मी आणि बहीण. लगेच दुसरा धक्का बसला आणि अक्का आत राहिल्याचं लक्षात आलं. सांगायला लाज वाटते, पण भीतीने माझा पाय उचलेना. नानांचे ओठ पांढरे पडले होते. "अजून एक बाकी शे," असं पुटपुटत ते आत शिरले.

खिडकीतून मला दिसत होतं. खाटेवर बसून त्यांनी अक्कांचा हात धरला होता. "भिवू नको. दूरना शे. आठे येता येता दमी जास." टाचा मात्र त्यांनी जमिनीवरून उचलून धरल्या होत्या.

तिसरा धक्का आला नाही. उन्हाळ्यात अक्का गेल्या, साध्या तापाने. परवा गेलो, तर परात कोरडी, भिंतीला टेकवून ठेवलेली. शेतांकडून बार ऐकू आला. नाना जागचे हलले नाहीत.

"किती लांब, नाना?" मी विचारलं.

"आते कोणले सांगानं शे?"

मी चपला काढून माझ्या टाचा जमिनीला टेकवून पाहिल्या. मला काहीच कळलं नाही.