चेंडू उचलायची पद्धत

जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड चाचणी होती आणि वेगवान गोलंदाज पारखायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. आमच्या तक्त्यात नाव, वय, वेग, टप्पा असे रकाने असतात आणि शेवटचा रकाना दुखापतीचा. त्यात झाडून सगळ्यांचं ‘नाही’ असतं. एकोणिसाव्या वर्षी मीही ‘नाही’च सांगितलं होतं. त्याच महिन्यात माझ्या मणक्याला तडा गेला आणि माझी गोलंदाजी संपली.

दिंडोरीकडची ती मुलगी अकराच्या सुमारास आली. सतरा वर्षांची, उंच, बोलायला कमी. वडील द्राक्षांची छाटणी अर्धवट टाकून मोटरसायकलवर घेऊन आले होते. कात्री अजून खिशातच होती. तिचा पहिलाच चेंडू यष्टिरक्षकाच्या छातीवर आदळला. माझ्या शेजारी बसलेले ज्येष्ठ सर चहा प्यायचे थांबले. मी तर हुरळलोच. प्रत्येकीला दोन षटकं हा नियम. मी तिला म्हटलं, अजून एक टाक. मग म्हटलं, अजून एक.

चौथ्या षटकात ती डाव्या बाजूला जास्तच झुकायला लागली. वेग मात्र कमी होईना. षटक संपल्यावर चेंडू तिच्या पायाशी घरंगळत आला. तो उचलायला ती कमरेत वाकली नाही. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांवर खाली बसली, चेंडू घेतला आणि तशीच सरळ उठली.

ही पद्धत कुणी शिकवत नाही. ती दुखणाऱ्या माणसाला आपोआप येते. आणि ते दुखत असताना तिच्याकडून दोन षटकं जास्तीची मी टाकून घेतली होती.

मी तिला टेबलापाशी बोलावलं. “कंबर दुखते?”

“नाय सर.”

“किती दिवसांपासून?”

तिने आधी लांब उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं. “दिवाळीच्या आधीपासून. पण नका ना लिहू, सर. घरी पण सांगितलं नाय. बाबा परत आणायचेच नाय मला.”

ज्येष्ठ सर कुजबुजले, “पुढच्या आठवड्यात सामने आहेत. तरुण पोर आहे, शेकलं की बरं होईल. उगाच काय लिहितोस?” एकोणिसाव्या वर्षी मलाही अगदी असंच सांगितलं होतं. खरं सांगतो, क्षणभर मलाही न लिहिणंच बरं वाटलं. लिहिलं तर ही पोर कायमची घरी बसेल आणि नाही लिहिलं तर मोडेल. दोन्हींचा दोष माझ्याच माथी. पेन बोटांतून निसटून खाली पडलं. मी ते उचललं आणि लिहिलं: कंबर, आधी तपासणी. मग तिच्या वडिलांना बोलावून सगळं सांगितलं. ती तोवर माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि मी नजर चुकवत होतो.

संघाच्या यादीत ती आली नाही. पुढचे चार दिवस प्रत्येक फोन मी पहिल्याच रिंगला उचलत होतो. सगळ्यात जास्त भीती कशाची होती, तर तिच्या तपासणीचा रिपोर्ट चांगला येण्याची. काहीच निघालं नाही, तर एका पोरीचं वर्ष मी माझ्या जुन्या दुखण्यापायी वाया घालवलं असं होणार. म्हणून मी चक्क तिच्या हाडात काहीतरी निघावं अशी वाट बघत होतो. अशी वाट बघणाऱ्या माणसाची मला लाज वाटत होती.

पाचव्या दिवशी वडिलांचा फोन आला. तडा होता, पण नुकता सुरू झालेला. डॉक्टर म्हणाले, सहा महिने चेंडू हातात घ्यायचा नाही, मग भरून येईल.

“सर, तिला बोलायचंय,” वडील म्हणाले.

तिने फोन घेतला. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर भांडेल.

“सर, त्या दिवशी तुमचं पेन पडलं ना,” ती म्हणाली, “ते तुम्ही पण खाली बसूनच उचललं. तुमची अजून दुखती का?”

“नाही,” मी म्हणालो.