क्लेअरचं गाव बघून मी जळले

मंडळी, आज सकाळी मी चक्क शेजारणीच्या गावावर जळले.

इथं कॅनडात, ग्वेल्फमधली आमची शेजारीण क्लेअर दक्षिण फ्रान्सला पणजोबांचं गाव बघून आली. मला कॉफीला बोलावलं आणि टेबलावर नकाशा पसरला. टेकडीवर चर्च, त्याभोवती गोलाकार रचलेली दगडी घरं, खाली नदी आणि द्राक्षमळे. वेलींवर रोग पडून मळे वाळले, तेव्हा पणजोबा कॅनडाला आले म्हणे. चर्चच्या जुन्या वहीत त्यांचं नाव आहे. घरही अजून उभं आहे! दाराला हात लावून तिनं फोटो काढलाय.

मी "हाऊ लव्हली" म्हणत राहिले, पण आतून जळत होते.

"आता तुझं गाव दाखव ना," ती म्हणाली. मी फोनवर नकाशा उघडला. तिथं नुसतं निळं पाणी. माझ्या जन्माआधीच आमचं गाव धरणात गेलं.

"तिथं काय काय होतं?" तिनं हळूच विचारलं.

घरी येऊन साताऱ्याला आत्याला फोन लावला. "आत्या, आपलं गाव कसं होतं गं?"

ती म्हणाली, "इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही बघ मला. कागद घे."

तासभर ती सांगत होती, मी नकाशा काढत होते. चावडी, वरची आळी, ओढ्याकाठची आमची विहीर. फोन ठेवताना म्हणाली, "उद्या परत कर. नदीपलीकडचं राहिलंय."

मत्सर अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण तुमचं गाव ज्याला पाठ आहे, असं तुमच्या घरात आता कोण उरलंय?