सरळ केलेली वाकळ

एक चांगली वाकडीतिकडी वाकळ, म्हणजे चिंध्यांची गोधडी, मी पट्टी लावून, कात्री चालवून सरळ केली. माझ्या नावावर मूर्खपणा बराच जमा आहे, पण एवढं मन लावून केलेला हा एकच. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे चौसष्टची. गुडघे चालत होते आणि डोकंही चालतं असा माझा समज होता. मुलींच्या शाळेत जन्मभर शिवणकाम शिकवलेलं. निवृत्त झाले तरी रस्त्यानं जाणाऱ्या बाईच्या परकराची दुमड वाकडी दिसली की माझे हात शिवशिवायचे. अशा बाईच्या हातात कुणी कात्री देऊ नये. अक्कानं दिली.

अक्का आता नाही. परवाच्या थंडीत गेली. असती तर हे लिहायची माझी छाती झाली नसती. तिचं नाव सांगत नाही, कारण गल्लीत ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. ती माहेरची कागलची, आणि तिकडून येतानाच बहुतेक अक्का म्हणून आली असावी. मंगळवार पेठेत आमच्या समोरच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन. दार सदा उघडं. आत ब्लाऊजांचा ढीग, ढिगाच्या मागं अक्का, आणि अक्काचा आवाज मात्र थेट चौकापर्यंत.

“बसतंय की!” हे तिचं ब्रीद. ब्लाऊज काखेत काचत असो, गळा खांद्यावरून घसरत असो, तिचं उत्तर ठरलेलं. एकदा मी तक्रार घेऊन गेले. म्हटलं, “अक्का, अगं हात वर होत नाही.”

“हात वर करून काय करणार तुम्ही बाई? चिंचा पाडाय जायचंय?”

“आणि उरलेलं कापड?”

“उरलंय कुठलं? आदी आपलं माप बगा की.”

मी घरी आले. पुढच्याच आठवड्यात तिच्या खुर्चीवरच्या उशीत माझं आमसुली कापड चांगलं तळहाताएवढं दिसलं. मी बोट दाखवलं. ती म्हणाली, “ते व्हय? ते उरल्यालं न्हवं. ते वाचिवल्यालं.” अशा शिंपिणी तुम्हीही पाहिल्या असतील. पण चोरी पकडल्यावर आपल्यालाच चहा करायला लावणारी मी तरी दुसरी पाहिली नाही.

वाचवलेल्या कापडांचं काय करायचं, हे तिला माझ्या नातीनं सांगितलं. खरं म्हणजे नातीनं मला फोनवर दाखवलं आणि मी लगेच अक्काकडं शहाणपणा करायला गेले. मधोमध एक लाल तुकडा. त्याच्या एका बाजूला एक पट्टी जोडायची, वळवायचं, दुसऱ्या बाजूला दुसरी, पुन्हा वळवायचं. असं गोल गोल फिरत चौकोन वाढवत न्यायचा. परदेशात ह्याला लाकडी ओंडक्यांचं घर म्हणतात, आणि मधला लाल तुकडा म्हणजे त्या घराची चूल, हे मी अगदी फळ्यापुढं उभं राहावं तसं सांगितलं.

“लाकडाच्या घरात चूल?” अक्का म्हणाली. “मग पेटत न्हाई व्हय त्येंचं?”

पण पद्धत तिला आवडली. त्या दिवसापासून ती चौकोनांना घरं म्हणू लागली. “आज दोन घरं बांदली बगा.” माप नावाची गोष्ट ती गिऱ्हाइकाच्या अंगाला लावत नव्हती, तर चिंध्यांना काय लावणार! हाताला येईल ती पट्टी उचलायची. एका टोकाला बोटभर, दुसऱ्या टोकाला तीन बोटं. कमी पडली तर तिलाच आणखी एक तुकडा जोडायचा, जास्त झाली तर दातानं दोरा तोडावा तशी कात्रीनं तोडायची. पिवळ्याशेजारी गुलाबी, गुलाबीशेजारी शाळेच्या गणवेशाचा निळा. तिचं एकेक घर रंकाळ्यावर फिरायला निघालेल्या म्हाताऱ्यासारखं एका अंगाला कललेलं असायचं. मी म्हणायचे, “अक्का, हे चौकोन एकमेकांना जोडायचे कसे?” ती म्हणायची, “ह्येचं पोट बाहीर आलंय, त्येचं आत गेलंय. श्येजारी श्येजारी ठिवायचं. बसतंय की!”

आणि बसायचंही. हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं.

आता तिच्या लेकीबद्दल सांगायला हवं, नाहीतर ही वाकळ कशासाठी ते कळायचं नाही. लेक एकुलती एक, माझीच विद्यार्थिनी. आईसारखाच आवाज आणि आईसारखीच ताठ मान. लग्न होऊन कसबा बावड्याला गेली आणि तिथं तिनं दुकान काढलं. कसलं? तयार ब्लाऊजांचं. ही बातमी सांगायला ती पेढे घेऊन आली होती. मी तिथंच होते. पेढा माझ्या तोंडात होता म्हणून मला मध्ये बोलता आलं नाही.

“तयार?” अक्का म्हणाली. “म्हंजे आदी ब्लाऊज आन् मग बाई शोधायची?”

“आई, बायकांना आता थांबाय वेळ न्हाई. तू दिवाळीचं ब्लाऊज शिमग्याला देतीस.”

“माझं ब्लाऊज मापाचं असतंय!”

“कुणाच्या?”

हा शब्द लेकीनं बोलायला नको होता. अक्कानं मशीनवरचा पाय काढला आणि सांगितलं, “माझ्या उंबऱ्याच्या आत तयार मालाचं नाव काडायचं न्हाई. तुला त्योच पायजे तर तू बी यिऊ नको.” लेक उठली. पेढ्यांचा पुडा तिथंच राहिला. तो अक्कानं गल्लीत वाटून टाकला, स्वतः एकही खाल्ला नाही.

मंगळवार पेठ ते बावडा म्हणजे रिक्षानं फार लांब नाही. पण त्यानंतर ना आई तिकडं गेली, ना लेक इकडं आली. दोन दिवाळ्या अशाच गेल्या. मग लेकीला दिवस राहिल्याचं आम्हाला भाजीवालीकडून कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, अशी आपली रीत. अक्कानं ती बातमी ऐकली, “बरं” म्हणाली, आणि त्या दुपारी लाल कापडाचा एक तुकडा कापून नवं घर बांधायला घेतलं. वाकळ कुणासाठी हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पण गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. लेकीनं बाळंतपणाला यावं, आणि ये असं मात्र आपल्याला म्हणावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

मध्येच एकदा मला म्हणाली, “बाई, तुमी बावड्याला जाताय न्हवं तुमच्या भैनीकडं? पोरीच्या दुकानातनं तीन ब्लाऊज आणा. माझं नाव सांगू नका.”

“तुला कशाला?”

“शिलाई बगतो कसली घालत्यात.” (आमच्याकडं बायकाही ‘मी बघतो, मी येतो’ म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

मी आणले. एक जांभळा, एक मोरपंखी, एक सोनेरी, तिन्ही चकचकीत. अक्कानं ते उलटे केले आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. “ह्येला शिलाई म्हणत्यात? ह्ये टाकं न्हवंत, ह्ये मुंग्या चालल्यात!” मी मनापासून हसले. पुढं त्या ब्लाऊजांचं काय झालं, हे विचारायचं मला सुचलं नाही. शिवणकामाच्या बाई ना मी!

सातव्या महिन्यात लेकीचं डोहाळजेवण ठरलं. अक्काला बोलावणं नव्हतं, मला होतं. वाकळ माझ्याबरोबर जायची होती. आणि नेमकं तेव्हाच अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. वाकायचं नाही, मशीनवर बसायचं नाही. तिनं सगळी घरं एका जुन्या लुगड्यात बांधून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

“जशी हायत तशी जोडा. काय बी करू नका.”

मला वाटलं, बाई लाजते आहे. आपल्या वाकड्या कामाची तिला शरम वाटते, पण मदत मागवत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मनातलं कळतं, असा माझा तेव्हा ठाम विश्वास होता.

मग मी काय केलं? सगळ्यात लहान घराचं माप घेतलं, चारही बाजूंनी दोन बोटं आत घेऊन पुठ्ठ्याचा काटकोनी चौकोन कापला, आणि तो एकेका घरावर ठेवून बाहेर येईल ते सगळं कापून टाकलं. बाहेर काय येत होतं? शेवटच्या फेरीच्या पट्ट्या. चकचकीत, धागे सुटणाऱ्या, आतल्या सुती कापडांशी अजिबात न शोभणाऱ्या. मी स्वतःशी म्हटलंसुद्धा, एवढं चांगलं सुती काम आणि कडेला हा भपका कशाला! कातरण सगळं गोळा करून सकाळच्या घंटागाडीत टाकलं. घरं जोडली, अस्तर लावलं, धावदोरा घातला. वाकळ अशी झाली की वहीचं चौकटीचं पान. मी ती दोरीवर टाकली आणि दोनदा गच्चीत जाऊन लांबून पाहून आले.

अक्का काळा चष्मा लावून आली. दिसत फारसं नव्हतं. तिनं वाकळ मांडीवर घेतली आणि एका घराच्या कडेवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या घराच्या. मग तिसऱ्या. मी कौतुकाची वाट पाहत उभी.

“कडंच्या पट्ट्या कुठं हायत?”

“कापल्या. सगळं कसं एका ओळीत आलं बघ.”

ती काही बोलली नाही. अक्का बोलत नाही हे आमच्या गल्लीनं कधी पाहिलेलं नव्हतं. पलीकडच्या वहिनी दारातून डोकावून गेल्या.

मग ती हळू आवाजात म्हणाली, “पोरीच्या दुकानातल्या हुत्या त्या. मी उसवून लावल्यालं. माझ्या चिंध्यांच्या भवतीनं तिचं कापड. तिला बगिटल्यावर कळलं असतं.”

मी लगेच पिशवी उचलली. म्हटलं, “मी जाते, दुसरे ब्लाऊज आणते, पुन्हा लावू.”

“कवा? शुक्रवारी तर जेवाण हाय. आन् मला सुई दिसतीय व्हय?”

“मग तू तोंडानं सांग तिला. फोन कर.”

“तोंडानं येत असतं तर दोन वरसं काय झोपा काढल्या व्हय बाई मी?”

तिनं वाकळ घडी करून माझ्या हातात दिली. घडीही वाकडीच. म्हणाली, “न्या तशीच. पोराला ऊब तर लागंल.” आणि चष्मा सावरत, भिंतीला हात लावत समोर निघून गेली. तिचं दार त्या दिवशी दुपारीच लागलं.

शुक्रवारपर्यंत मला दम निघाला नाही. दुसऱ्या दिवशीच मी बावड्याला गेले. लेकीच्या दुकानात दोन बिनडोक्याचे पुतळे तयार ब्लाऊज घालून उभे होते. बिनडोक्याचं तिसरं कोण आत आलं, ते तुम्ही ओळखलंच असेल. लेक स्टुलावर पाय लांब करून बसली होती. मी वाकळ काउंटरवर पसरली. “आईनं दिली,” म्हटलं.

तिनं एकदाच पाहिली. “ही आईनं न्हाई शिवल्याली. आईची एक रेघ सरळ नसती.”

मग मला सगळं सांगावंच लागलं. पुठ्ठा, कात्री, घंटागाडी. पट्ट्या कुठल्या होत्या, ते सर्वांत शेवटी सांगितलं, कारण धीर तेवढा पुरेना.

“म्हंजे ते जांभळं, मोरपंखी आन् सोनेरी?” ती म्हणाली. “तुमी सुनेसाठी नेलं म्हणालतासा न्हवं?”

“आईनं मागवले होते. तिचं नाव सांगायचं नाही म्हणाली होती.”

एक गिऱ्हाईक आलं. लेकीनं त्याला हातानंच थांबायला सांगितलं. वाकळ पोटाजवळ ओढली आणि एकेका घराची शिवण नखानं उकलून बघत बसली. अशी तपासणी आजवर फक्त मी इतरांच्या जोडकामाची केली होती. शेवटी एका कोपऱ्यात, माझ्या पुठ्ठ्याखाली सरकून वाचलेली मोरपंखी कड तिला सापडली, सुतळीएवढी. त्यावर तिनं अंगठा ठेवला आणि तसाच राहू दिला. पदरानं नाक पुसलं. मग थेट आईच्या आवाजात, रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असं मला म्हणाली:

“आईला सांगा, बाळंतपणाला येतो मी. पण मोकळ्या हातानं न्हाई येणार. दुकानातला सगळा तयार माल संगं आणणार, तिच्या मशीनच्या डोक्यावर दांडीला टांगणार, आन् गिऱ्हाईक आलं की तिनंच उठून दावायचा. कबूल असंल तर हो म्हणावं. आन् बाई, तुमची कात्री तेवढी शुक्रवारी येताना घिऊन या, ती आमच्यात जमा करायची.”